रेबीजच्या लसीची ॲलर्जी आली, तर पुढचे डोस घ्यावेत का?

आपण विचारले आहे की, कुत्रा चावल्यावर घेतलेल्या रेबीजच्या दुसऱ्या डोसनंतर अंगभर पित्त उठले, घरचे लस बंद करा म्हणतात, तर पुढच्या डोसआधी कोणती गोळी घ्यावी. गोळीचे नंतर पाहू. लस बंद करायची नाही, हे आधी पक्के करा. आमच्या घरात याच प्रश्नावरून भावाभावांत अबोला झाला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या यजमानांच्या पोटरीला भटके कुत्रे चावले होते. पहिला डोस निर्विघ्न पार पडला. दुसऱ्यानंतर मात्र दवाखान्यातून निघण्याआधीच त्यांच्या तळहातांना खाज सुटली, मानेवर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला आणि आवाज घोगरा झाला. कंपाउंडर त्यांना खुर्चीत बसवून पाणी पाजू लागला आणि एव्हिलचे इंजेक्शन पुरे होईल म्हणाला. सिस्टरांनी त्याला बाजूला सारून यजमानांना आडवे केले, पाय उंच ठेवले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला अर्धा मिलिलिटर ॲड्रेनॅलिन टोचले, तेव्हा कुठे त्यांचा श्वास मोकळा झाला. एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, पण घशाची सूज आणि उतरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. ॲड्रेनॅलिन द्यायला कचरणाऱ्या दवाखान्याने लस टोचूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओसरलेली रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते, म्हणून त्यांना रात्रभर रुग्णालयात ठेवले.

खरा वाद त्यानंतर पेटला. थोरले दीर म्हणाले, "लस त्याला सोसत नाही, आमसुलाचे पाणी लावा, पुढची सुई नको." त्यांच्या लहानपणी पोटात 14 इंजेक्शने देत असत; ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे आणि क्वचित तिच्यामुळे अर्धांगवायूसारखे विकारही होत. ही भीती खरी होती, पण ती लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आजच्या लसीची रिॲक्शन औषधांनी आवरता येते, तर रेबीजची लक्षणे एकदा दिसली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. यजमानांची पहिली लस कोंबडीच्या गर्भपेशींवर बनवलेली होती, म्हणून डॉक्टरांनी उरलेल्या डोसांसाठी व्हेरो पेशींवरची, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवरची लस निवडली आणि सलाईनची सुई आधीच लावून, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून ते डोस पूर्ण केले.

आपल्याला केवळ पित्त उठले असेल, तर डॉक्टर बहुधा आधी सेटिरिझिनसारखी गोळी देतील. श्वास लागला किंवा चक्कर आली असेल, तर गोळीच्या भरवशावर राहू नका. पुढचा डोस मोठ्या रुग्णालयातच घ्या आणि आधीच्या लसीचे नाव लिहिलेला कागद सोबत न्या. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी लसीचा परिणाम कमी होऊ शकतो. मी डॉक्टर नाही, हेही सांगायला हवे. चावलेले कुत्रे 10 दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात, पण तो निर्णय त्यांनीच घ्यावा.

दीर आजही म्हणतात की, नशिबाने निभावले. वडीलधारे म्हणून मी त्यांच्या पाया पडते, पण हे त्यांचे म्हणणे मला मान्य नाही: यजमान वाचले ते सिस्टरांनी वेळेवर दिलेल्या इंजेक्शनमुळे आणि पूर्ण केलेल्या डोसांमुळे.