ती कधी मागत नाही

‘ताई, प्रभूमध्ये सलाम. मी ५८ वर्षांची, नुकतीच नोकरीतून निवृत्त झाले. हाती बरी रक्कम आली आहे. घराचे उरलेले हप्ते एकदम फेडावेत, पैसे बँकेत ठेवावेत, की मोठा भाग चर्चच्या नव्या इमारतीला द्यावा, हे ठरत नाही. ३ महिने पहाटे उठून प्रार्थना करते आहे. दोनदा उपास केला. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले, बोट ठेवले, तर वंशावळ निघाली. मला देवाच्या इच्छेबाहेर एक पाऊलही टाकायचे नाही. नीतिसूत्रे ३:५-६ हे माझ्या आयुष्याचे वचन आहे. पण देव गप्प आहे. तो माझ्यावर नाराज असेल का? तशी धाकट्या जावेची थोडी रक्कम ६ वर्षांपासून आमच्याकडे आहे, पण ती कधी मागत नाही. गेल्या वर्षी मुलाच्या कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत आली होती. पिशवीचे बंद चाळवत बसली आणि उठून गेली. स्वभावानेच अबोल आहे. ताई, देवाची वाणी कशी ओळखायची, एवढेच सांगा. – मार्ग शोधणारी’

बाई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा तुमची तळमळ दिसली. दुसऱ्यांदा ती पिशवी दिसली, आणि मग मला पत्रातले दुसरे काही दिसेना.

‘थोडी रक्कम.’ किती, ते लिहिले नाहीत. ‘आमच्याकडे आहे.’ जणू ती आपल्या पायांनी चालत आली. ‘आम्ही घेतली’ असे लिहायला हात उचलला नाही, हो ना? आणि ‘ती कधी मागत नाही’. मुलाचा प्रवेश तोंडावर आलेला असताना घरी येऊन बसलेल्या बाईला अबोल म्हणून मोकळे होता येत नाही. ती स्वतःचेच पैसे मागायला आली होती. मोठ्या जावेसमोर ते शब्द तिच्या तोंडून फुटले नाहीत. तुम्हाला ते तेव्हाच कळले होते. कळले नसते, तर ते बंद वर्षभर तुमच्या लक्षात राहिले नसते आणि या पत्रात आले नसते.

देव गप्प आहे, असे तुम्ही म्हणता. मला वाटते, त्याचे बोलून झाले आहे.

तुमच्या आयुष्याच्या वचनाकडेच चला. ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव.’ त्या दोन ओळींखाली तुमच्या शास्त्रात रेघ असणार. माझ्याही आहे. पण आपण रेघ मारतो आणि तिथेच थांबतो. तोच अध्याय पुढे वाचा. २७व्या आणि २८व्या वचनात काय आहे? ज्याचे भले करणे आपल्या हाती आहे त्याचे भले करायला मागे हटू नको, आणि देण्यासारखे जवळ असताना शेजाऱ्याला ‘आता जा, पुन्हा ये, उद्या देईन’ असे म्हणू नको. तुम्ही जावेला ‘उद्या ये’ म्हणालाही नाहीत. तिने न मागितल्यामुळे तुमच्यावर तेवढे म्हणायचीही वेळ आली नाही. ज्या अध्यायाने तुम्हाला ‘तो तुझा मार्गदर्शक होईल’ असे वचन दिले, त्याच अध्यायात तो मार्ग दाखवलेला आहे. २२ वचने खाली.

पैशांच्या बाबतीत देव कसा बोलतो, याचे शास्त्रात एक अगदी घरगुती चित्र आहे. दुसरे राजे, चौथा अध्याय. संदेष्ट्यांच्या एका शिष्याची विधवा, सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलेला, आणि घरात तेलाच्या एका कुपीपलीकडे काही नाही. अलीशा संदेष्टा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला लावतो. दार लावून ती ओतत राहते, मुले एकेक भांडे पुढे सरकवत राहतात, आणि एक मुलगा म्हणतो, आता भांडे उरले नाही. तिथे तेल थांबते. एवढा मोठा चमत्कार झाल्यावर ती धावत अलीशाकडे जाते. तो सांगतो, जा, तेल वीक, आपले देणे फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुले उदरनिर्वाह करा. तेल देवाने दिलेले होते, तरी त्यातला पहिला वाटा सावकाराचा होता. तोही असल्या निर्दय सावकाराचा! तुमची जाऊ तर दारात येऊन न बोलता परत गेली.

चर्चच्या इमारतीला द्यायचा विचार तुमच्या मनात आला, तो प्रामाणिकपणेच आला असेल. तरी मी तुम्हाला तो आज करू देणार नाही. प्रभू येशूने डोंगरावर सांगितले आहे की वेदीपाशी आपले दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पावे. म्हणजे वेदीपाशी उभे असताना ज्या माणसाची आठवण येते, ती आठवणसुद्धा देवच देतो. ३ महिने तुम्ही गुडघ्यांवर आहात आणि तुम्हाला पुन्हा पुन्हा ती पिशवी आठवते. वाणी कशी ओळखायची म्हणून मला विचारता? अशी ओळखायची.

शास्त्र उघडून बोट ठेवलेत म्हणून मी रागावणार नाही. भ्यालेले माणूस तसे करते. इस्राएलाला शत्रूपासून सोडवायला देवाने निवडलेल्या गिदोनाने लोकर खळ्यात ठेवली, एका रात्री ती भिजू दे असे देवाला म्हणाला आणि दुसऱ्या रात्री ती कोरडी राहू दे म्हणाला. पण तो काय म्हणाला ते नीट वाचा: ‘तू म्हटल्याप्रमाणे’. काय करायचे हे त्याला आधीच सांगून झाले होते. लोकर त्याने पोटातल्या भीतीपायी ठेवली, आणि देवाने त्याला दोन्ही वेळा सांभाळून घेतले. तुम्हालाही तो सांभाळून घेईल, नाराजीची चिंता सोडा. मात्र तुम्हाला जे आधीच सांगितले आहे, त्यासाठी आणखी लोकर खळ्यात ठेवू नका.

आता हप्ते की बँक? जावेचे देऊन उरेल त्याचा हिशेब यजमानांना घेऊन कागदावर मांडा, बँकेच्या व्यवहारातले जाणते कोणी मंडळीत असेल तर त्यांना विचारा, प्रार्थना करा आणि ठरवून टाका. त्रोवस शहरात प्रेषित पौलाला रात्री दृष्टांत झाला, मासेदोनियाचा एक माणूस ‘इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर’ म्हणाला. दृष्टांतानंतरसुद्धा पौलाने आणि सोबत्यांनी त्यावरून अनुमान काढले आणि मग गलबत गाठले. देवाने आपल्याला डोके दिले आहे आणि माणसे दिली आहेत, तीही त्याचीच देणगी आहे. या दोन्हींतला कोणताही पर्याय पाप नाही. एखादा तोट्याचा ठरला तरी देव तुम्हाला सोडून जाणार नाही. तुमची खरी भीती तीच आहे, असे मला पत्राच्या त्या एका वाक्यावरून वाटले, ‘एक पाऊलही टाकायचे नाही’ म्हणता तिथे. लेकरू चालायला शिकताना अडखळले तर बाप दार लावून घेतो का हो?

एकच काम सांगते. उद्या पहाटेची प्रार्थना होण्याआधी, आज संध्याकाळीच, जावेकडे जा. यजमानांना पाठवू नका, फोनवरून पैसे पाठवून मोकळ्या होऊ नका. पूर्ण रक्कम घेऊन स्वतः जा. दरम्यान रुपयाची किंमत घसरली आहे, तेव्हा वर काही घाला. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट देतो म्हटले होते, तुम्ही मनाला पटेल तितके घाला. ‘प्रभूने सुचवले म्हणून आले’ असे म्हणू नका, त्याने तिचा राग तिच्या घशातच राहील. ‘आम्ही तुझे पैसे घेतले होते, ६ वर्षे ठेवले, गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा मला कळले होते आणि मी बोलले नाही,’ एवढे सरळ म्हणा.

ती म्हणेल, ‘अहो ताई, कशाला घाई करायची.’ तरी पैसे तिच्या हातात ठेवा. मग त्या मुलाचे पुढे काय झाले ते विचारा, प्रवेश मिळाला का, फी कुठून आणली, आणि ती सांगेल ते सगळे ऐकेपर्यंत उठू नका.

– तुमची ताई