इंदूरला नवीन आहे, एमएसडब्ल्यू झालंय. संस्थांचे कार्यक्रम, स्वयंसेवा आणि नोकऱ्या कुठे कळतील?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर साताऱ्याहून इंदूरला आलात, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, झालेलं आहे, हिंदी बोलताना अडखळायला होतं, आणि इथल्या सामाजिक संस्थांचे कार्यक्रम, स्वयंसेवकांची कामं आणि नोकऱ्या यांची माहिती एका ठिकाणी कुठे मिळते ते सापडत नाहीये. एका ठिकाणी ती मिळतच नाही. मी रामबागेत वाढले, आता राजेंद्र नगरात राहते आणि वस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेचे हिशेब गेली चौदा वर्षं लिहिते आहे. एवढ्या काळात आमच्याकडे नऊ माणसं पगारावर लागली. त्यांतल्या दोघांसाठीच जाहिरात दिली होती. बाकीची सात जणं आधीपासून येत-जात होती, त्यांचं काम आम्ही पाहिलेलं होतं. म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकते: अर्ज पाठवायला लागण्यापूर्वी एक जागा आणि आठवड्यातला एक वार ठरवा, आणि तीन महिने तो वार चुकवू नका.

भाषेची भीती वाटत असेल तर पहिलं पाऊल मराठी मंडळींत टाका. मराठी नाटकं आणि कार्यक्रम करणाऱ्या इथल्या सानंद न्यासाचे सभासद इतके आहेत की एकाच नाटकाचे पाच समूहांसाठी पाच प्रयोग करावे लागतात. समूहांची नावंही मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत, बहार अशी. हे मुद्दाम सांगते, कारण त्यातली पहिली तीन माणसं कोण हे कुणा जुन्या इंदूरकराला विचारलंत तर अर्धा तास गप्पा होतील आणि तुमची ओळख होऊन जाईल. महाराष्ट्र साहित्य सभेचा शारदोत्सव असतो, अहिल्योत्सवाची पालखी असते. या सगळ्याला हात लागतात: लोकांना जागेवर बसवणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, मुलांच्या स्पर्धांची नावं लिहून घेणं. अशा ठिकाणी भेटणारे निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतली माणसं यांतला कुणीतरी कुठल्या तरी ट्रस्टचा कोषाध्यक्ष नाहीतर सचिव असतोच. मला आमच्या संस्थेचं नाव पहिल्यांदा एका नाटकाच्या मध्यंतरात कळलं. पण तिथेच थांबू नका. तुमचं शिक्षण वस्तीत, दवाखान्यात, शाळेत उपयोगी पडणारं आहे, आणि ते काम हिंदीतच होतं.

आता मुख्य भाग. माझी भाचेसून सांगलीची, तुमच्यासारखीच एमएसडब्ल्यू. 2019 साली इंदूरला आली तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं की दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात. ही गरज खरी आहे आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तर फारच. अशा विद्यार्थ्याला तासामागे किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिकाने तो सबंध वेळ बसायचं, प्रश्न हळू वाचायचा, उत्तर जसंच्या तसं उतरवायचं, आपल्याकडून एक शब्द घालायचा नाही. ती उत्साहाने गेली आणि परत आली, कारण लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं असा दंडक तिला आडवा आला. बारावीच्या मुलीसाठी तिच्याहून खालच्या वर्गातली मुलगी लागते, एमएसडब्ल्यू झालेली चालत नाही. तुमचंही तेच होईल. पण त्याच मुलींना वर्षभर पुस्तकं वाचून दाखवणारं, मोबाइलवर धडे ध्वनिमुद्रित करून देणारं माणूस हवं असतं, आणि तिथे शिक्षणाची अट नाही. तिने बुधवार धरला. समाजशास्त्र आणि इतिहास वाचायची. चार महिन्यांत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे तिचं हिंदी मोकळं झालं, कारण ऐकणाऱ्या मुली प्रत्येक चुकीचा उच्चार थांबवून दुरुस्त करून घ्यायच्या. आणि दुसरी म्हणजे त्या मुलींच्या एका शिक्षिकेने तिला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाच्या जागेबद्दल सांगितलं.

ही जागा तुमच्याही लक्षात असू द्या. एचआयव्ही तपासणी आणि उपचार केंद्रांत समुपदेशक लागतात आणि त्या पदांसाठी समाजकार्याची पदवी ग्राह्य असते. हिंसा सोसलेल्या बायकांसाठी महिला व बालविकास विभागाचं वन स्टॉप सेंटर असतं, तिथे केस वर्कर घेतले जातात. जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर भरतीच्या सूचना येतात. मुदत थोडी असते, त्यामुळे सोमवारी एकदा उघडून बघायची सवय ठेवा. आणि एक काम असं आहे की एमएसडब्ल्यू झालेल्या फार थोड्या मुलींना ते माहीत असतं: अवयव प्रत्यारोपण समन्वयक. 2014 च्या नियमांप्रमाणे प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला असा माणूस नेमावाच लागतो, आणि वैद्यकीय पदवीधर किंवा परिचारिका नसेल तर कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यातही समाजकार्यात पदव्युत्तर असलेल्याला प्राधान्य. इंदूरमध्ये 2015 पासून ग्रीन कॉरिडॉर होत आले आहेत. पोलीस रस्ता मोकळा करतात, अवयव घेऊन रुग्णवाहिका धावते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्याच्या आधी रात्री दोन वाजता ज्या बाईचा नवरा मेंदूमृत घोषित झालाय, तिच्याशेजारी बसून बोलायचं काम कुणीतरी केलेलं असतं. ते काम समन्वयकाचं. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. तुम्हाला ते झेपेल असं वाटत असेल तर अवयवदानाच्या जनजागृतीत स्वयंसेवक म्हणून आधी उभ्या राहा, मग रुग्णालयात चौकशी करा.

माणसांपेक्षा झाडं-पाखरं जवळची वाटत असतील तर धार रोडला सिरपूर तलाव आहे. हा होळकरांच्या काळातला तलाव वाचवण्यासाठी पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांची दी नेचर व्हॉलंटिअर्स ही संस्था वर्षानुवर्षं झगडली. 2022 मध्ये सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, आणि 2025 च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला रामसरचं पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. त्यासाठी पक्षी ओळखता आलेच पाहिजेत असं नाही, जाणकाराशेजारी उभं राहून आकडे लिहून घेणारा माणूसही लागतो. पहाटे जावं लागतं, एवढंच.

सनावदिया गावात जिमी मगिलिगन सेंटर आहे, पद्मश्री जनक पलटांचं. सौर चुलीवरचा स्वयंपाक, शेतीतले प्रयोग, होळीच्या आधी पळसाच्या फुलांपासून रंग करायचं शिक्षण, असं तिथे चालतं. त्यांनीच पूर्वी आदिवासी मुलींसाठीची बरली संस्था उभी केली, 1985 मध्ये. बरली म्हणजे घराचा मधला आधाराचा खांब. गाव शहराबाहेर आहे, त्यामुळे दर आठवड्याला जाणं जमेलच असं नाही. एकदा मात्र जरूर जा. खंडवा रोडवर कस्तुरबाग्राम आहे, कस्तुरबांच्या स्मारक ट्रस्टचं मुख्य ठिकाण. नवलख्याला विसर्जन आश्रम आहे, 1960 मध्ये विनोबा इंदूरला राहिले तेव्हाचा. आणि मे महिन्यात अभ्यास मंडळाची व्याख्यानमाला असते, ती ऐकायला येणाऱ्यांत शहरातले निम्मे कार्यकर्ते दिसतात. भाषण संपल्यावर लगेच घरी जाऊ नका, दारापाशी दहा मिनिटं थांबा.

बातम्या कळायचं साधन म्हणाल तर हिंदी पेपरातलं ‘शहर में आज’ छापाचं छोटं सदर रोज वाचा. मोठ्या बातमीपेक्षा तुमच्या कामाचं तिथे जास्त सापडेल. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि त्या गटांत कुणीतरी ओळखीच्यानेच घ्यावं लागतं. इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्कच्या सूचनाफलकाकडे आणि तिथल्या माजी विद्यार्थ्यांकडेही लक्ष ठेवा. इथल्या संस्थांत ती मंडळी पसरलेली आहेत.

नोकरीसाठी आमच्या बाजूने काय दिसतं तेही ऐका. संस्थांना बोलणारी माणसं मिळतात, लिहिणारी मिळत नाहीत. महिन्याचा अहवाल वेळेवर देणारी, हजेरीचे आकडे एक्सेलमध्ये नीट भरणारी, खर्चाची व्हाउचरं तारखेने लावणारी मुलगी दिसली की आम्ही तिला सोडत नाही. यामागे कारण आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. तो पैसा प्रकल्पापुरता येतो आणि प्रत्येक रुपयाचा कागद मागितला जातो. परदेशी देणगीतून प्रशासनावर खर्च करायची मर्यादा 2020 मध्ये 50 टक्क्यांवरून 20 वर आली, तेव्हापासून कार्यालयात बसणाऱ्यांच्या जागा अजून कमी झाल्या. त्यामुळे बऱ्याच नेमणुका 31 मार्चपर्यंतच्याच असतात आणि नवीन जागा एप्रिलनंतर, पैसे मंजूर होतील तशा निघतात. मार्चमध्ये कुणी ‘आत्ता काही नाही’ म्हणालं तर मन खट्टू करून घेऊ नका, जूनमध्ये पुन्हा विचारा. शहराबाहेर जायची तयारी असेल तर देवास जिल्ह्यात बागलीला समाज प्रगती सहयोग आहे, 1990 पासून पाणी आणि शेतीवर काम करणारी. डेव्हनेट (DevNet) सारख्या सामाजिक क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर मध्य प्रदेशातल्या मोठ्या संस्थांच्या जाहिराती येतात, पण तिथे देशभरातून अर्ज असतात. जवळपास सगळीकडे दुचाकी चालवता येते का हे विचारतात. येत नसेल तर आजच शिकायला लागा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. स्वयंसेवा आणि फुकटची नोकरी यांत फरक आहे. 2009 मध्ये मी एका संस्थेत (नाव नको) मदतीला म्हणून गेले. आठवड्यातल्या दोन दुपारी ठरल्या होत्या, महिन्याभरात रोजचे सहा तास झाले. पुढच्या प्रकल्पात मानधन धरलंय, असं तोंडी सांगत राहिले. आठ महिने गेले. प्रकल्प आला, मानधन दुसऱ्याच नावावर निघालं. पैशाचं दुःख झालंच, पण जास्त लागलं ते हे की तिथली मुलं माझी वाट बघत राहिली आणि मला तिथे जाववेना. म्हणून तुम्ही पहिल्या दिवशीच सांगा: बुधवारी तीन ते पाच, एवढंच. रोज यायला सांगितलं तर आनंदाने विचारा की नेमणुकीचं पत्र कधी देता. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

पगारावर लागायच्या आधी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा. नोंदणी कुठली आहे ते बघा. इथल्या बऱ्याच संस्था 1973 च्या मध्य प्रदेश सोसायटी कायद्याखाली असतात. आयकर सवलतीच्या नोंदण्या, ज्यांना 12ए आणि 80जी म्हणत आलेत, त्या आहेत का विचारा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, 2013 चा कायदा आहे. वीस माणसं असतील तर भविष्यनिर्वाह निधी. हे विचारायला संकोच वाटतो हे मी जाणते, विशेषतः समोरच्यांना आपण ‘दादा’, ‘दीदी’ म्हणत असलो तर. तरी विचारा.

आणि हिंदीचं. ते अडखळणं तुम्हाला वाटतं तितकं मोठं नाही. वस्तीतल्या बायकांचंही हिंदी पुस्तकी नसतं, कुणी निमाडी बोलतं, कुणी मालवी, कुणी भिली. खानदेशाकडून आलेल्या घरांत तर तुमची मराठीच कामाला येईल. बायोडेटा मात्र एका पानाचा, हिंदीत आणि इंग्रजीत वेगवेगळा करून ठेवा, आणि त्यात साताऱ्याला केलेलं क्षेत्रकार्य नीट लिहा: कुठल्या गावात, किती महिने, काय केलं. आमच्याकडे आलेल्या अर्जांत लोक हेच गाळतात.

तुम्ही शहराच्या कुठल्या भागात राहता आणि कुठला वार मोकळा आहे ते खाली लिहा. जवळचं काय पडेल ते मी सांगते.