व्हीलचेअरसह गोवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पक्षाघातानंतर आईला व्हीलचेअर लागते. मंगेशीला कुलदैवताच्या दर्शनाला न्यायचं आहे. राहण्याच्या जागी फोन केला तर ‘व्हीलचेअर चालते’ म्हणाले. तेवढ्यावर निघावं का? (पुणे)

उत्तर : इतक्यात नको. ‘चालते’ म्हणणारा मनापासून सांगत असतो, पण त्याच्या डोळ्यांपुढे बहुतेकदा खुर्ची उचलणारे चार हात असतात. असं उचलून नेलेलं आईंना चालेल का, हे त्यांनाच विचारा. यात्रा त्यांची आहे. मग पुन्हा फोन लावून आकडे मागा. गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? न्हाणीघराचा उंबरा केवढा, दार किती रुंद? सरकारी मार्गदर्शक तत्त्वं ९० सेंटीमीटर मोकळी रुंदी सांगतात, जुन्या बांधकामात ती क्वचितच मिळते. आपली खुर्ची चाकांबाहेरच्या, हाताने फिरवायच्या कड्यांसकट मोजून ठेवा. कमोडजवळची आधारदांडी कोणत्या बाजूला आहे हेही विचारा. आईंचा उजवा हात चालत असेल तर डावीकडची दांडी निरुपयोगी. दारात मोजपट्टी धरून फोटो पाठवायला सांगा, त्यात संकोच कसला?

सोमवारी मंगेशीला पालखी असते, गर्दी होते. दुसरा वार धरा. खुर्ची कुठपर्यंत नेता येईल हे देवस्थानाच्या कार्यालयात आधीच विचारा आणि चाकं पुसायला फडका जवळ ठेवा.

प्रश्न : सोबत्यालाही रेल्वेची सवलत मिळते का? (डोंबिवली)

उत्तर : मिळते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि सोबत्याला स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड एसीत ५० टक्के. रेल्वेचं सवलत ओळखपत्र आधी काढून घ्या. मंगेशीसाठी फोंड्याकडे जायला मडगाव किंवा करमळीला उतरा.

प्रश्न : माझी खुर्ची बॅटरीवर चालते. विमानात नेता येईल? (नागपूर)

उत्तर : हो, पण किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. काढता येणारी लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये न्यावी लागते : एकच असेल तर क्षमता ३०० वॅट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६०. बॅटरीवरच्या छापील आकड्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गोव्यात विमानतळ दोन आहेत, तिकीट दाबोळीचं आहे की मोपाचं हे पाहूनच टॅक्सी ठरवा.

प्रश्न : मावसभाऊ यायचाय. पोलिओमुळे कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा) आणि कुबड्या वापरतो. समुद्र आणि फेरीबोट, दोन्ही हवंय त्याला! (डिचोली)

उत्तर : दोन्ही दाखवा. कुबड्या कोरड्या वाळूत रुततात, म्हणून ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू गाठा. पण तिथवर पोहोचण्याचा कोरडा पट्टा जिथे कमी असेल, असा किनारा तुम्हीच आधी बघून या. पावसाळ्यात मात्र पाण्यापासून लांबच. खारं पाणी लागलं तर कॅलिपर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून सांध्यांना तेल द्या, नाहीतर गंज धरतो.

फेरीचं नेमकं उलटं. ओहोटीला धक्क्याचा उतार लांबतो आणि शेवाळाने निसरडा होतो. जुने गोवे–दिवाडी फेरी भरतीच्या वेळी धरा, गाड्या चढून झाल्या की सावकाश चढा, आणि खलाशाला आधीच सांगून ठेवा.