मुंबईचा रोव्हर्स कप काय होता आणि तो बंद कधी झाला?

१८९१ साली मुंबईत सुरू झालेली ही देशातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला आणि पुढची चाळीसेक वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. शेवटी १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने कप जिंकला. असं करणारा तो पहिला भारतीय संघ.

माझ्या मते या स्पर्धेचं खरं वैभव म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा कप नेला! याच रहीमसाहेबांनी १९५१ आणि १९६२ मध्ये भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं.

सामने कूपरेजवर व्हायचे. बाबा ऑफिसातून थेट यायचे, मी चर्चगेटला उतरून चालत जायचो आणि खाऱ्या दाण्यांची पुडी दोघांत संपायची. गॅलरीत बंगाली, गोवेकर, मुंबईकर सगळे आपापल्या भाषेत ओरडत असायचे.

शेवटची स्पर्धा २०००-०१ ची, विजेता मोहन बागान. ती पुन्हा भरावी असं मला आजही मनापासून वाटतं.