बिब्बा: टाचेला, दुधात आणि दारात

प्रश्न: टाचांच्या भेगा वावरात फार ठणकतात. सासूबाई सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरतात आणि तेलाचा थेंब भेगेत सोडतात. दोनदा बरं वाटलं, तिसऱ्यांदा मात्र पाय घोट्यापर्यंत सुजला, फोड आले. असं का व्हावं? (एक ताई, दारव्हा)

उत्तर: ताई, बिब्ब्याच्या टरफलातला काळा चीक मुळात जाळणारा. शिवाय त्यातल्या भिलावनॉल नावाच्या द्रव्यांची अंगाला ॲलर्जी जडते. पहिल्या एक-दोन खेपांत अंग त्यांना ओळखून ठेवतं आणि पुढच्या खेपेला चवताळतं. तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून बिब्बा उतला, म्हणजे फोड उठले, की दोष भलत्याच गोष्टीला जातो. चीक लागला की आधी साबण आणि भरपूर पाणी. खोबरेल त्यानंतर, नाहीतर तेलासोबत चीकही पसरतो. अंगावरचे कपडे वेगळे धुवा, फोड फोडू नका. तोंड सुजलं किंवा लघवी कमी झाली तर थेट दवाखाना. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर त्याच्या पायाला बिब्बा लावूच नका. बधिर पायाला चटका कळत नाही. भेगांना रात्री कोमट पाणी, मग व्हॅसलीन आणि मोजे. सासूबाईंना हे पटायला वेळ लागेल!

प्रश्न: गुडघेदुखीवर दुधात बिब्बा उकळून प्या, असा व्हिडिओ आलाय. कॅन्सरही बरा होतो म्हणे. घ्यावा का? (एक काका, अचलपूर)

उत्तर: नका घेऊ, काका. आयुर्वेदात भल्लातक, म्हणजे आपला बिब्बाच, मोठं औषध आहे, हे मला मान्य. पण वैद्य आधी त्याचं शोधन करतात: देठाकडचा भाग छाटून फळं विटेच्या चुऱ्यात घोळतात, चुरा तेल पितो, मग धुतात. हा खटाटोप व्हिडिओत नसतो. १९४५च्या औषध नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यात भल्लातक धोतरा आणि बचनागाच्या पंगतीला बसलंय. प्रयोगशाळेत उंदरांची सूज उतरली, बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, हे खरं. पण बशीतल्या पेशी फिनाईलनेही मरतील. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या नसल्यातच जमा. उलट बिब्ब्याने किडनी निकामी झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

प्रश्न: आम्ही बाया बिब्बे फोडून आतली गोडंबी काढतो. हात सोलून निघतात. ही गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात चालते का? (मेहकर तालुका)

उत्तर: आतला गर खाण्याजोगाच आहे, वैर आहे ते टरफलाशी. फोडताना गराला चीक लागला असेल तर तो दाणा बाजूला टाका. जिला काजू सोसत नाही तिने गोडंबीच्या वाटेला जाऊ नये. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. कापडी हातमोजे चीक पितात आणि तो दिवसभर कातडीला धरून ठेवतात. जाड प्लास्टिकचे घ्या. टरफलं मात्र चुलीत घालू नका. त्या धुरानेही डोळे आणि तोंड सुजतं.

प्रश्न: दारात लिंबू-मिरचीसोबत बिब्बा बांधतो. विषारी आहे का? (वाशीम)

उत्तर: दाराला खुशाल बांधा. बाळाच्या गळ्यात नको. शनिवारी चौकात हे ओवून विकणाऱ्याची बोटं एकदा नीट पाहा, नखांपर्यंत काळी झालेली असतात. पोरगं तर ते फळ सरळ तोंडात घालेल.