आधी कोर्स पूर्ण करू, की थेट कोड लिहायला घेऊ?

आयटीतली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती झोप लागत नाही, घरी चिडचिड होते म्हणून. थोडं बोलतं केलं की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: "मॅडम, नवी प्रोग्रामिंग लँग्वेज शिकायचीय. आधी नीट अभ्यास करू, की सरळ हात घालू?"

जावा या लँग्वेजमध्ये बारा वर्षं मुरलेले एक गृहस्थ आले होते. टीमचं नवं काम रस्ट या दुसऱ्या लँग्वेजमध्ये सुरू झालं होतं.

"अभ्यास किती झालाय?"

"दोन कोर्स पूर्ण, तिसरा निम्मा." रंगीत पेनांनी भरलेली जाड वही त्यांनी पुढे केली.

"स्वतःच्या मनानं काय लिहिलंत?"

"अजून काही नाही. पाया पक्का झाला की..."

"आणि एरर आली तर?"

ते बराच वेळ गप्प होते. "शेजारच्या पोराला दोन वर्षांचा अनुभव आहे, तो धडाधड लिहितो. मला चार ओळी जमल्या नाहीत, तर मी बादच झालो ना?"

वहीमागे हे लपलं होतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांत घडलेली समुपदेशक. कृती चुकली म्हणून अख्ख्या माणसावर फुली मारायची नाही, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण ते नुसतं ऐकवून कुणी बदलत नाही. पुढच्या भेटीला मी त्यांना लॅपटॉप आणायला सांगितलं.

चारच ओळी. 'अ' या नावात 'पुणे' हा शब्द 'स्ट्रिंग' या प्रकारात ठेवायचा, 'ब' ला 'अ' द्यायचा, मग दोन्ही छापायचे. रन करण्याआधी अंदाज कागदावर लिहायचा. त्यांनी लिहिलं: पुणे दोनदा छापलं जाईल. जावात तसंच होतं. इथे एरर आली, क्रमांक ई०३८२. त्यांचा हात लॅपटॉप मिटायला गेला.

"काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. मला यातलं काही कळत नाही."

वाचता वाचता ते मलाच समजावू लागले: रस्टमध्ये मूल्याचा मालक एकच. शब्द 'ब' कडे गेला की 'अ' वापरता येत नाही. मग आपणहून म्हणाले, "शब्दाऐवजी आकडा ठेवून बघतो." अंदाज लिहिला: पुन्हा एरर. प्रोग्राम विनातक्रार चालला!

"हे कसं काय?" म्हणत त्यांनी स्वतःचीच वही उघडली. साध्या आकड्याची प्रत होते, हे वाक्य तिथे हिरव्या शाईनं अधोरेखित केलेलं होतं. "मॅडम, हे मीच लिहिलंय. पण समजलं आत्ता."

दोनदा चुकूनही बाद झाल्याचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. ते मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा मोकळेपणी हसले.

उलट टोकाची माणसंही येतात. एरर आली की इथे-तिथे क्लोन, म्हणजे मूल्याची प्रत काढायची आज्ञा, टाकतात, चालेपर्यंत खटपट करतात. चालतं, पण का चाललं ते सांगता येत नाही. माझ्या मते या दोघांचं दुखणं एकच आहे: अंदाज बांधायचा नाही, म्हणजे चुकायला नको. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे निघाले. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि तीच फसगत असते.

म्हणून माझा सल्ला: एक लँग्वेज येत असेल, तर रोज छोटा तुकडा लिहा, अंदाज लिहून ठेवा, मग चालवा. अंदाज चुकेल तेवढाच भाग पुस्तकातून नीट वाचा. प्रोग्रामिंगच नवं असेल, तर मात्र सोडवलेली उदाहरणं क्रमानं करा. तिथे एकट्यानं चाचपडण्यात दम फार जातो. आणि अडलात तर शेजारच्या पोराला बिनधास्त विचारा. फक्त "हे चालत नाही" एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला काय वाटलं होतं आणि झालं काय, हे दोन्ही त्याला सांगा.