सायकल आत्ताच घ्यावी, की मुलाला थांबायला लावावं?

प्रश्न (म्हापशाहून एक आई): चवथीला मामा-काकांनी दिलेले मिळून बारा वर्षांच्या मुलाकडे ८,००० रुपये जमलेत. त्याला गिअरची सायकल हवीय, किंमत १४,०००. मिस्टर म्हणतात, वरचे ६,००० आपण घालू, आत्ताच घेऊ आणि नंतर पॉकेटमनीतून कापू. पॉकेटमनी असा ठरलेला नाही, मागेल तसे देतो. धाकटी नऊ वर्षांची आहे.

उत्तर: ताई, कापून घेण्याचा बेत टिकणार नाही. आठवड्याला १५० रुपये धरले आणि सगळेच्या सगळे कापले, तरी ६,००० फिटायला चाळीस आठवडे लागतात. सायकल दारात उभी आणि हातात दमडी नाही, हे महिनाभर चालेल. मग दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याची वर्गणी येईल, तुम्हाला वाईट वाटेल आणि कर्ज गुपचूप माफ होईल. त्यातून मुलगा एवढंच शिकेल, की वस्तू आधी घ्यावी, पैशांचं नंतर कोणीतरी बघतं.

त्यापेक्षा ६,०००चे दोन भाग करा. तो जेवढे साठवेल तेवढेच तुम्ही घालायचे, म्हणजे त्याच्या वाट्याला ३,०००. १५० मधले १०० बाजूला टाकले तर तीस आठवडे, साधारण सात महिने. दिवाळीला कोणी हातावर काही ठेवलं तर त्याआधीही. बारा वर्षांच्या मुलाला एवढं थांबणं जमतं. वर्षाच्या पुढे गेलं की ते मनातून सोडून देतात.

१५० हा आकडा मात्र माझा. तुमचा आकडा काढायला, गेल्या चार आठवड्यांत 'मागेल तसे' किती गेले ते आठवून लिहा आणि त्याची सरासरी धरा. त्यात काय बसतं ते आधीच ठरवा: शाळेबाहेरचा भाजीपाव, मित्रांचे वाढदिवस, जत्रेतले खेळ त्याचे; वह्या, कपडे, बसचं भाडं तुमचं. ठरलेल्या वारी रोख द्या. मार्कांशी जोडू नका. आणि बुधवारी संपले तर पुढच्या वारापर्यंत नाही म्हणजे नाही. खरी गळती इथेच असते, आणि ती बहुतेकदा आजीच्या कनवटीतून होते. तेव्हा आजीला आधी विश्वासात घ्या.

फोनवरून यूपीआय एवढ्यात नको. यूपीआय सर्कलमध्ये (तुमच्या खात्यातून घरातल्या दुसऱ्याला पेमेंट करू देणारी सोय) प्रत्येक पेमेंटला तुमची मंजुरी ठेवली, तर निवड तुमची होते, त्याची नाही. शिवाय नोट मोडताना जे जाणवतं ते स्क्रीनवर जाणवत नाही.

८,००० कपाटात ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँक उघडू शकते. किती रकमेपर्यंत, ते बँक ठरवते. स्लिप त्यालाच भरू द्या. या खात्यात शिल्लक शून्याखाली जाऊ देत नाहीत, ते आपल्या पथ्यावरच. पोस्टाचं आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायचं खातं, महिन्याला १०० रुपयांपासून उघडतं, पण ते पाच वर्षांचं, आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. सायकलसाठी नको.

धाकटीला आठवड्याचे ३० रुपये पुरेत. तिला जास्त उपयोग शुक्रवारच्या बाजाराचा. पन्नासाची नोट तिच्या हातात द्या आणि सांगा, घरासाठी फळं तू घ्यायचीस, उरतील ते तुझे. केळ्यांचा भाव दोन ठिकाणी विचारल्याशिवाय ती नोट सोडणार नाही. तिने कच्ची केळी आणली तरी बदलायला जाऊ नका, घरात तीच खायची.

अजून एक. मुलाचं हे वाढायचं वय आहे. सायकलचा साइझ पैसे पुरे होतील तेव्हाच, दुकानात त्याला सीटवर बसवून ठरवा. कुलूप, पंप आणि हेल्मेटचे हजारभर रुपये १४,०००मध्ये धरलेत का, हे दुकानदाराला त्यालाच विचारू द्या.